आत्यांचा पट आणि माझी वही

लग्न होऊन मी या घरात आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "खाली वन्संकडे खुशाल जात जा. चहा पी, गप्पा मार. पण त्यांनी पट अंथरला की काहीतरी निमित्त काढून ऊठ."

मी मान डोलावली आणि मनातल्या मनात हसले. मी मानसशास्त्र घेऊन पदवीधर झालेली. नणंद-भावजयीच्या नात्यात तीस-पस्तीस वर्षांत काय काय साचतं यावर मी पाच मार्कांची टीप तिथल्या तिथे लिहून दिली असती. भावजय नणंदेबद्दल आणखी काय सांगणार, असं म्हणून मी तो सल्ला कानाआड केला. त्याचा परिणाम असा झाला की सहा वर्षांनी एका भल्या बाईचं राहतं घर सुटायची वेळ आली, एक कवडी पातेल्यात उकळताना फुटली, आणि मला एका दवाखान्यात मोठ्या दिरांच्या डोळ्यांदेखत लबाडी करावी लागली.

पण सुरुवात झाली ती माझ्या मुलीच्या मोजण्यापासून.

आमची चिमणी साडेचार वर्षांची. तिला मोज म्हटलं की ती मोजते, "एक, दोन, तीन, सात." मधलं कुठे जातं, देव जाणे. शाळेतल्या बाई म्हणाल्या, काळजी करू नका. हे वाक्य ऐकलं की मला काळजी सुरू होते. काळजी करण्यासारखं काही नसतं तर बाईंना तो शब्द सुचलाच कसा? समोरच्या काकूंना मी सहज विचारलं, तर त्यांच्या भाचीची मुलगी तिसऱ्या वर्षी शंभरपर्यंत उलटं मोजत होती असं कळलं. उलटं मोजणाऱ्या मुलीचं पुढे काय झालं हे मी विचारलं नाही. काकूंनी अक्रोड भिजवून द्यायला सांगितलं, मण्यांची पाटी आणायला सांगितली आणि शेवटी, तुझ्याकडे बघून तीही घाबरत असेल, असंही सांगितलं. मी अक्रोड आणि मणी दोन्ही आणले. चिमणीने मणी कानात घालून पाहिले.

मग कुठेतरी वाचलं की ज्या खेळात घरं मोजत मोजत सोंगटी पुढे न्यायची असते, त्या खेळाने मुलांचं मोजणं सुधारतं. आणि मला खालच्या मजल्यावरचा सारीपाट आठवला.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची मोठी बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून तीस वर्षं नोकरी, आमच्या बरोबर दोन मजले खाली स्वतःचं दोन खोल्यांचं घर, आणि त्या घराची किल्ली कायम गळ्यात. लग्न केलं नाही. केलं असतं तर नवऱ्याला रोज हरवून हरवून पळवून लावला असता, असं सासूबाईंचं मत. सासूबाई आता मोठ्या भाऊजींकडे, दुसऱ्या गावी असतात. एके काळी त्यांनी आपल्या दोन्ही मुलांना आत्यांच्या पटाच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं. त्यामुळे माझ्या नवऱ्याला आत्यांच्या हातची भजी ठाऊक होती, खेळ नव्हता. हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

मी म्हणाले, "आत्या, मला सारीपाट शिकवता? मी शिकले की चिमणीला शिकवेन." त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आज नीट कळते. दोन दिवस उपाशी मांजर दुधाच्या पिशवीकडे असं पाहतं. त्या दिवशी मला ती माया वाटली.

पट कापडाचा, अधिकच्या चिन्हासारख्या चार पट्ट्यांचा. प्रत्येक पट्टीत चोवीस घरं, त्यांतल्या काही घरांवर फुल्या शिवलेल्या. फुलीवर बसलेल्या सोंगटीला कोणी मारू शकत नाही. सोंगट्या लाकडाच्या, चार रंगांच्या, सोळा. मधल्या चौकोनातून निघायचं, सगळा पट फिरून परत मधे यायचं. वाटेत कोणी मारलं की पुन्हा पहिल्यापासून. आयुष्य म्हणजे हेच, असं आत्या म्हणाल्या. मी म्हटलं, खरं आहे. आणि फासे नाहीत, सहा कवड्या. जितक्या उताण्या पडतील तितकं दान.

कवड्या पाहून मला लगेच चिमणी आठवली. साडेचार वर्षांच्या मुलीच्या घशाची रुंदी किती असते हे तुम्हाला माहीत नसेल, मला आहे. मी कागदाची नळी करून एकेक कवडी तिच्यातून जाते का पाहिलं. एक अडकत अडकत गेली. बाकीच्या गेल्या नाहीत, पण त्यांच्या खाचांमध्ये पन्नास वर्षांची धूळ होती. मी त्या घरी आणून पंधरा मिनिटं खळखळून उकळल्या. अकराव्या मिनिटाला एक फुटली. आवाज एवढा झाला की नवरा अंघोळीतून तसाच बाहेर आला.

फुटकी कवडी तळहातावर घेऊन मी खाली गेले. आत्यांनी डब्यातून एका जुन्या कोटाचं बटण काढलं आणि म्हणाल्या, हे सहावं. एक बाजू चकचकीत, एक खरखरीत. चकचकीत वर आली की उताणं. अपराधी मनाने मी ते मान्य केलं. त्या वेळी मला कल्पना नव्हती की मी माझ्या हाताने त्यांना किती मोठी देणगी दिली आहे.

शिकायचं तर पद्धतशीर शिकावं, म्हणून मी शंभर पानी वही घातली. डाव्या बाजूला तारीख, उजव्या बाजूला नियम. पहिल्या दिवशी लिहिलं: सहाही उताण्या पडल्या तर सहा. तिसऱ्या दिवशी आत्या म्हणाल्या, सहाही उताण्या म्हणजे तीस. मी खोडून तीस केलं. पाचव्या दिवशी पुन्हा सहा. एक उताणी पडली तर दहा, हा नियम दोन दिवस टिकला. मग ती एक उताणी बटणाची असली तर एकच, असं ठरलं. बटणाची चकचकीत बाजू सोमवारी उताणी होती, गुरुवारी पालथी. फुलीवरच्या सोंगटीला कोणी हात लावत नाही हे मी लाल शाईने लिहिलं होतं. नवव्या दिवशी आत्यांनी माझी फुलीवरची सोंगटी उचलून मधे ठेवली, कारण ती म्हणे फुलीवर सकाळपासून बसली होती, आणि फार वेळ बसलं की फुली उतरते.

मी मुकाट्याने लिहिलं, "फुली उतरते." आणि पेन तसंच हातात राहिलं.

कारण माझ्या मनात नको ती शंका आली. ज्या बाईला एके काळी गावातले तीन-चारशे टेलिफोन नंबर तोंडपाठ होते, तिला काल सांगितलेला नियम आज आठवत नाही? विसरलेलं कळू नये म्हणून माणूस ऐन वेळी काहीतरी रचून सांगतो, हे मी दुसऱ्या वर्षाला शिकले होते. त्याला एक मोठं नावही आहे. मी ते नाव वहीच्या मागच्या पानावर लिहून दोनदा अधोरेखित केलं. मग लक्षात यायला लागलं की आत्या गॅसजवळ उभ्या राहून कधी कधी नुसत्याच बघत असतात. आता गॅसजवळ मीही तशीच उभी राहते, पण काळजी एकदा आत शिरली की ती आपली उदाहरणं सोडून दुसऱ्यांची गोळा करते.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, काहीतरीच काय, आणि लगेच बाल्कनीत जाऊन मोठ्या भाऊजींना फोन लावला.

मोठे भाऊजी मनाने सोन्यासारखे आहेत. फक्त त्यांना कुठलीही गोष्ट नुसती होऊ द्यायला आवडत नाही, ती पार पाडायला आवडते. अर्ध्या तासात त्यांनी मोबाईलवर एक गट काढला: 'आत्या: पुढील नियोजन'. आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, तिचं ब्लडप्रेशर आहे, हा पहिला संदेश. मग माझ्या वहीच्या पानांचे फोटो मागवले. मग स्मरणशक्तीच्या दवाखान्यातली वेळ घेतली. मग लिहिलं की अहवाल काही आला तरी आत्यांनी यापुढे एकटं राहणं योग्य नाही. माझ्याकडे खालची खोली रिकामी आहे, खिडकीही आहे. तिथलं घर बंद करून किल्ली धाकट्याकडे ठेवावी. शेवटी त्यांच्या घरातल्या त्या खोलीचा नकाशा टाकला. पलंग, कपाट आणि आत्या कुठे बसतील ते सगळं त्यात होतं.

तो नकाशा येऊन मिनिट झालं नसेल, खाली आणखी एक संदेश उमटला. "बरं."

हे कोणी लिहिलं म्हणून मी नाव पाहिलं. आत्यांनी. सासूबाई सोडून घरातल्या सगळ्यांना घ्यायचं म्हणून भाऊजींनी सवयीने त्यांनाही गटात घेतलं होतं. पहिल्यापासून सगळं त्यांनी वाचलं होतं. माझी वही, माझी दोन रेघांची अधोरेखित शंका, खिडकीसुद्धा. आणि त्यावर एकच शब्द.

मी जिन्याने धावत खाली गेले. दार उघडंच होतं. आत्या पट अंथरून बसल्या होत्या. ये, म्हणाल्या, तुझं दान आहे. मला माफी मागायची होती, पण त्यांनी कवड्या माझ्या हातात दिल्या आणि विषय तिथेच संपवला. तो डाव मी जिंकले. दुसऱ्या दिवशीचाही. तिसऱ्या दिवशी त्यांची पिवळी सोंगटी माझ्या माऱ्यात आली तरी त्यांनी ती मुकाट मारू दिली, बटण खरखरीत पडलं तर खरखरीतच म्हणाल्या. तीन दिवसांत एकही नियम बदलला नाही. एखाद्या शहाण्या बाईने यावरून काय ओळखायचं ते ओळखलं असतं. मी वहीत लिहिलं: "खेळावरची पकड सुटत चालली आहे. सलग तीन डाव हरल्या." आणि रडले.

दवाखान्याच्या दिवशी नवरा चिमणीला घेऊन घरी राहिला. भाऊजी आदल्या दिवशीच फाइल घेऊन आले होते. दवाखान्याच्या पत्रकात लिहिलं होतं, रुग्णाच्या आवडीची एखादी वस्तू सोबत आणावी. म्हणून आत्यांनी पटाची पिशवी घेतली होती. पूर्ण रस्ताभर त्यांनी ती मांडीवर धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताने गळ्यातली किल्ली.

खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, नातं काय? भाऊजी म्हणाले, भाचा. म्हणाल्या, भाचा चालत नाही, पती, मुलगा, मुलगी, भाऊ. भाऊ वारला आहे म्हटल्यावर म्हणाल्या, मग भावाचा दाखला. भाऊजींनी फाइल उघडली; दाखला होता. तेवढ्याने बाई हिरमुसल्या आणि त्यांनी नवा अर्ज काढला, तीन प्रतींत. तो मी भरायचा, कारण माहिती देणारी व्यक्ती मी. एक प्रत काळ्या शाईने, दोन निळ्या. कार्बन चालत नाही. भाऊजींनी आत्यांना घेऊन तपासणीच्या खोलीबाहेर नंबर लावला आणि मी कोपऱ्यातल्या डगमगत्या बाकावर बसले.

अर्जाच्या दुसऱ्या पानावर तक्ता होता. 'विस्मरणाच्या घटना: तारीख, तपशील.' हे माझ्या वहीत तयारच होतं, नुसतं उतरवायचं. पण पुढे आणखी एक रकाना होता: 'घटनेमुळे कोणाचे नुकसान झाले?' गॅस चालू राहिला, पाणी वाहून गेलं, असल्या गोष्टींसाठी असावा. मी लिहायला घेतलं. चार तारीख, सहाऐवजी तीस मोजले. नुकसान कोणाचं? दान त्यांचं होतं, त्यांची सोंगटी घरी पोचली, माझी मागे राहिली. म्हणून लिहिलं, माझे. सहा तारीख, तीसऐवजी सहा. त्या दिवशी दान माझं होतं. माझे. नऊ तारीख, बटण पालथं. माझे. फुली उतरली. माझे. बारा तारखेला चिमणी माझ्या मांडीवर बसून खेळली होती, तिची हिरवी सोंगटी एका भलत्याच नियमाने मेली होती. मुलीचे. पुन्हा माझे. माझे.

अकरा घटना. अकराच्या अकरा वेळा नुकसान आमचं. त्यांचं एकदाही नाही.

मी पेन खाली ठेवलं. विसरणारा माणूस कधीतरी स्वतःच्या विरुद्धही विसरतो. मी स्वतः डब्याचं झाकण विसरते तेव्हा भाजी माझ्याच पिशवीत सांडते. आणि ही बाई गेले तीन आठवडे प्रत्येक वेळी, अचूक, स्वतःच्या फायद्याचं तेवढंच विसरली होती. आदल्या दिवशी आपण काय सांगितलं होतं हे पक्कं ध्यानात असल्याशिवाय ते जमणारच नाही. माझ्या वहीत सगळं होतं. फक्त दान कोणाचं, हे मी एकदाही लिहिलं नव्हतं.

"काहीतरी निमित्त काढून ऊठ," असं सासूबाई म्हणाल्या होत्या.

मी तीन प्रती तशाच घेऊन खोलीत शिरले. डॉक्टरबाई तरुण होत्या आणि दमलेल्या. त्यांच्या समोर आत्या पाठ ताठ करून बसल्या होत्या आणि तपासणी काही बरी चालली नव्हती. आज वार कोणता, या प्रश्नावर आत्यांनी सांगितलं होतं की तो तुमच्या चिठ्ठीवर लिहिला आहे. तीन शब्द लक्षात ठेवा असं सांगून पाच मिनिटांनी ते विचारले, तर म्हणाल्या, ठेवा तुमच्याकडेच. डॉक्टरबाईंनी कागदावर 'उत्तर नाही' असं लिहिलेलं मला उलटं दिसत होतं. भाऊजी हळहळून मान हलवत होते.

भाऊजींनी दिलेल्या माझ्या वहीच्या पानांवरून नजर फिरवत डॉक्टरबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "आजी, खेळाचे नियम रोज बदलतात असं या लिहितात. तुम्हाला ते आठवत नाहीत का?"

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातला तक्ता पाहिला, त्यातला शेवटचा रकाना पाहिला. आम्हा दोघींनाही एकाच वेळी कळलं की मला कळलं आहे. आता त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. आठवतात म्हणावं, तर तीन आठवडे सुनेला आणि साडेचार वर्षांच्या पोरीला फसवलं हे भाच्यासमोर कबूल करावं लागेल. विसरते म्हणावं, तर घर जाईल.

त्यांनी किल्लीवरची मूठ घट्ट केली आणि शांतपणे म्हणाल्या, "विसरत असेन. वय झालं."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला भर दवाखान्यात लबाड म्हणायचं? भाऊजींनी ते मानलंही नसतं. त्यांच्या आत्या त्यांना देवासारख्या. उलट माझ्याच नावाचा एक गट निघाला असता. मी म्हणाले, डॉक्टर, एक डाव खेळून बघू या का? दहा मिनिटं. भाऊजींनी घड्याळ पाहिलं. डॉक्टरबाईंनी सकाळपासून कोणाला काही खेळताना पाहिलं नसावं. त्या म्हणाल्या, पाच.

तपासणीच्या पलंगावर पट अंथरला. काळ्या माझ्या, पिवळ्या त्यांच्या. आणि आत्या इतक्या सज्जनपणे खेळू लागल्या की मला धडकी भरली. दोन पडले की दोन घरं. असंच चाललं तर पाच मिनिटांत डॉक्टर आणखी एक 'उत्तर नाही' लिहिणार होत्या.

मी शाळेत कधी शेजारणीच्या पेपरात पाहिलं नाही. बसमध्ये तिकीट हरवलं तर दुसरं काढते. त्या दिवशी मला तीन पडले आणि मी चार घरं गेले. कान तापले. आत्यांची भुवई किंचित हलली. पुढच्या वेळी बटण खरखरीत पडलं, मी चकचकीत म्हणून दान घेतलं. त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. मग मी देवाचं नाव घेतलं आणि त्यांची फुलीवर बसलेली पिवळी उचलून सरळ मधे ठेवली. म्हटलं, "मारली."

"फुलीवरची मारतेस?" आत्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "तीन पडले तेव्हा चार गेलीस, मी काही म्हटलं नाही. बटण पालथं होतं, म्हटलं जाऊ दे. आता फुलीवर हात? ती काळी मागे घे. सहाव्या घरात आहे, चौथ्यात हवी. दुसरी काळी बरोबर आहे, तिसऱ्या फुलीच्या मागे दोन घरं. माझी ही डावीकडच्या पट्टीत चौथ्या घरात होती, तुझ्या बाहीने पाचव्यात सरकली, ती मी स्वतः होऊन मागे घेते, बघा."

डॉक्टरबाईंनी हळूच आपली फाइल पटावर झाकण घातल्यासारखी ठेवली आणि म्हणाल्या, बाकीच्या?

आत्यांनी आठच्या आठ सोंगट्यांची घरं न बघता सांगितली. मग आधीच्या तीन दानांच्या वेळचीही. एकदा यंत्र सुरू झालं म्हटल्यावर त्या थांबेनात. "आणि तुमचे ते शब्द. खुर्ची, लिंबू, छत्री. छत्री म्हणताना तुम्ही खिडकीबाहेर पाहिलंत, आणली नसेल आज. या खोलीचा फोन नंबर तुमच्या मागे लिहिलाय, त्याचे शेवटचे दोन आकडे पुसट आहेत, त्रेसष्ट असावेत."

त्रेसष्टच होते.

भाऊजी गोंधळून म्हणाले, मग ते नियम? डॉक्टरबाईंनी माझा तक्ता ओढून घेतला, शेवटच्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, आणि मग बराच वेळ तोंडासमोर फाइल धरून बसल्या. फाइल हलत होती. शेवटी त्यांनी लिहिलं, 'स्मरणशक्ती उत्तम. एकटे राहण्यास हरकत नाही.' आणि खाली, बारीक अक्षरात, 'सूनबाईंनी काळजी कमी करावी.' तीन प्रतींवर. एक काळ्या शाईने, दोन निळ्या.

भाऊजींना रकाना कळला नव्हता तो बाहेर जिन्यात कळला. ते पायरीवरच थांबले आणि म्हणाले, आत्या, म्हणजे तुम्ही चक्क...? आत्या म्हणाल्या, "चक्क काय? आमच्याकडे असंच खेळतात."

परतीच्या वाटेवर त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. खिडकीबाहेर बघत, माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "शिकलीस. पण कान लाल होतात तुझे. केस मोकळे सोडत जा."

मी त्यांची माफी मागितली. ती त्यांनी ऐकली की नाही कळलं नाही. पण उतरताना पटाची पिशवी माझ्या हातात दिली आणि किल्ली गळ्यातून काढून दार उघडलं.

घरी येऊन सासूबाईंना फोन केला, सगळं सांगितलं. ब्लडप्रेशरला काही झालं नाही. त्या इतकंच म्हणाल्या, "फुली उतरते म्हणाल्या का? मी एकोणीस वर्षांची असताना मला म्हणाल्या होत्या." त्यांच्या आवाजात राग होता, पण त्यात थोडा आनंदही असावा, इतक्या वर्षांनी कोणीतरी साक्षीदार मिळाल्याचा. चिमणीने त्या संध्याकाळी जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. एक ते सतरा, एकही न गाळता. मग आत्यांसमोर पट अंथरला, चार पडले, आणि तिने सोंगटी उचलली: एक, दोन, तीन, सात. सोंगटी थेट सातव्या घरात. आत्यांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. मी इतके दिवस कशाची काळजी करत होते ते मला तेव्हा समजलं.

हे सगळं झालं परवा. आता आज एक नवीनच पंचाईत झाली आहे आणि त्यासाठीच मी हे लिहायला बसले. मोठे भाऊजी सकाळी नऊला आत्यांना "येतो" म्हणायला खाली गेले. अकराची गाडी होती. साडेअकराला मी जिन्यातून कानोसा घेतला, तेव्हा ते नियम लेखी हवेत असं म्हणत होते. दोन वाजता म्हणत होते की बटण पालथं आहे. आता पाच वाजले आहेत आणि काहीच ऐकू येत नाही. त्यांची फाइल आमच्याकडे, चार्जर आमच्याकडे. नवऱ्याला बघायला पाठवलं तर तो तिसरा भिडू म्हणून बसेल. मी गेले तर मीही बसेन, केससुद्धा मोकळे आहेत.

तेव्हा तुम्ही या बाजूला येणार असाल तर कृपा करून पहिल्या मजल्यावर जरा डोकावून याल का? दार उघडंच असतं. भाऊजी जेवले का, तेवढं उंबऱ्यातूनच विचारा, आत जाऊ नका. आत्या "या, बसा" म्हणतील. निमित्त तयार ठेवा.

पण भाऊजी निघून गेले असतील, आणि आत्या पट अंथरून एकट्याच समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत असतील, तर मात्र निमित्त वगैरे काही काढू नका. सरळ बसा. बटणाची कुठली बाजू उताणी, तेवढं सुरुवातीलाच विचारून घ्या; पुढे ती बदलेल, पण विचारल्याचं त्यांना बरं वाटतं.